मूकपटातला प्रॉम्प्टर

भूतबित काही नसतं. हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर छापलंय, की आता हे लिहिताना माझाच मला संताप येतोय. तरी लिहिते...

पांढरकवड्यात एक चाचा आहेत, मोटार रिवाइंडिंगवाले. त्यांचे आजोबा, दादामिया, नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. त्या कंपनीच्या एका नाटकाचा मूकपट निघाला, तेव्हा आजोबांनाही नेलं – आवाज लागणार नव्हता, पण विंगेतून वाक्य मिळाल्याशिवाय नायिकेला तोंडच उघडता येईना! त्यातला एक तुकडा चाचांकडे पेन ड्राइव्हवर आहे. आणि म्हणे, त्यात आजोबांचा आवाज येतो. मूकपटात!

चाचांनी बोलावलं, तर मी पत्रक छापूनच गेले: 'आवाज नाही, थोतांड आहे!'

त्यांनी ते शांतपणे वाचलं. "वा बेटा! निकाल आधी, कोर्ट नंतर?"

चाचांना दोन वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही. मी कागदावर लिहिलं – मग मला कशाला बोलावलं?

"घरचे माह्यं मन राखाले 'येते, येते' म्हणतात. तू त सख्ख्या बापालेही सोडत नाही म्हणे. आवाज गेला असंन, त गेला म्हण. पण खरं सांग."

भर दुपार. चाचांच्या दुकानाचं शटर मीच खाली ओढलं. लॅपटॉप म्यूट. मोबाइल बंद. फॅनसुद्धा बंद – घामाने निथळत होते.

तुकडा लावला. नायिका दारापाशी आली, हात उचलला... आणि अडली. नजर डावीकडे, विंगेत. तेवढ्यात माझ्या कानाशी घोगरा, घाईचा आवाज – "दिवा नेलात, आता वाट तरी ठेवा." मग तिचे ओठ हलले. मग संवादाची पाटी आली. शब्दन् शब्द तोच! मी हा तुकडा आधी कधीच पाहिला नव्हता.

पुन्हा लावला. काही नाही. तिसऱ्यांदा – काही नाही! असला राग आला...

"काहून लिहीत नाही वं? आला का?"

कागद संपला होता. पत्रकच उलटं केलं आणि लिहिलं – 'एकदाच आला.' खाली ते वाक्य.

चाचा कितीतरी वेळ वाचत राहिले. मग हसले. "दादामियांची खोडच होती. एकदाच सांगत. दुसऱ्यांदा इचारलं, त शिवी."

कारण मला अजून सापडलेलं नाही. उरलेली पत्रकं घरी पडून आहेत, वाटवत नाहीत. एक चाचांच्या खिशात आहे – उलटं.