संगणकावर पहिलं नाव आईचं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मात्र मला बोलू द्या!

आमच्या विश्रांतवाडीच्या विहारात वाचनालय सुरू होणार होतं. मीटिंगमध्ये मी छाती फुगवून बोलून गेलो, "निमंत्रणपत्रिका माझ्याकडे लागली!" घरी कोराकरकरीत संगणक आला होता ना! शिवाय मराठी टायपिंगची माझी जुनी सीडी होती, आणि बोटं त्याच फॉन्टवर बसलेली.

सीडी घातली. संगणक म्हणाला, परवानगी नाही.

पुन्हा घातली. परवानगी नाही. शर्टाला पुसून घातली, संगणक बंद करून चालू केला. नाही म्हणजे नाही! अहो, घर माझं, टेबल माझं, सीडी माझी, मग परवानगी कोणाची हवी?

दुपारी विहाराचे सेक्रेटरी कांबळेकाका फोनवर. "प्रेसवाला सातला शटर ओढतो. पत्रिका आज येणार आहे, की उद्घाटन झाल्यावर?"

माझा पारा चढला. संगणकवाल्या दुकानदाराला फोन लावला. "अहो, कसला संगणक गळ्यात मारलात? मालकालाच नाही म्हणतोय!"

"मालक कोण?"

"मी!"

"संगणकाला तसं वाटत नाही. सेटअपवर माउसचं उजवं बटण दाबा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. कुणाचं नाव आलं?"

मी बटण दाबून वाचलं. "आईचं."

"मग त्यांना विचारा." फोन ठेवलासुद्धा!

आता काय सांगू तुम्हाला! संगणक घरी आला त्या दिवशी त्याने पहिलं नाव विचारलं होतं. आमच्याकडे लग्नाची पत्रिका असो की दारावरची पाटी, पहिलं नाव वडीलधाऱ्यांचं. मी कौतुकाने आईचं घातलं, तिच्याकडून पासवर्डही टाकून घेतला, आणि माझं नाव खाली. पहिलं नाव ज्याचं तोच ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कारभारी, हे मला काय ठाऊक!

आई शेजारीच मेथी निवडत बसली होती.

"आई, तुझा पासवर्ड काय गं?"

"सांगणार नाही. पोटच्या पोरालासुद्धा सांगू नकोस, असं तूच बजावलंस."

सहा वाजत आलेले! मी अक्षरशः हात जोडले. तिने सावकाश हात धुतले, पुसले, चष्मा लावला.

"काय विचारतंय हे?"

"मला परवानगी द्यायची का, असं विचारतंय."

"सकाळपासून परवानगी नाही, परवानगी नाही करत घर डोक्यावर घेतलंस. मी इथेच बसलेय. मला एकदा तरी विचारलंस?"

लाज वाटली हो. नाव वर घातलं की मान दिला, असंच मी धरून चाललो होतो.

तिने मला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटाने टकटक केली. झालं! सीडी गुमान चालू! मजकूर भराभर टाइप केला आणि प्रेसचं शटर अर्धं खाली येत असताना वाकून आत घुसलो.

आता आई रोज दुपारी टायपिंग शिकते. वाचनालयातल्या पुस्तकांची नावं आपणच टाइप करणार, असं तिने परस्पर कांबळेकाकांना सांगूनही टाकलंय. मला तर फार बरं वाटतंय.

परवा हळूच म्हटलं, "आई, मलाही ॲडमिनिस्ट्रेटर करून टाक ना."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "बघू. अजून थोडे दिवस तुझं वागणं बघते."