गणपतीमागची भिंत

काकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. खुर्ची पुढे केली तरी बसायच्या नाहीत. उजव्या हाताचा तळवा भिंतीवर सपाट टेकवून विचारायच्या, "इथवर?"

महाडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. घरातलं कुणीतरी म्हणायचं, "नाही हो, वर." तळवा वर सरकायचा. "अजून थोडा... हां, बस." मग त्या हात तसाच ठेवून क्षणभर भिंतीकडे पाहत राहायच्या आणि त्यानंतर कुठे बसायच्या. मागच्या पुराचं पाणी त्या घरात कुठवर चढलं होतं हे कळल्याशिवाय त्यांनी विम्याचा विषय काढलेला मी कधी पाहिला नाही.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. त्याला समोरून येताना पाहिलं की लोक गल्ली बदलतात, आणि अडचण आली की त्याचंच दार वाजवतात. आमच्याकडे ह्या विमावाल्या काकू होत्या. भर उन्हाळ्यात, सावित्रीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असताना, त्या छत्री उघडून घरोघर पुराच्या विम्याचं सांगत फिरायच्या.

"काकू, मे महिन्यात कसलं अभद्र बोलता?" बाजारपेठेतला एक कापडवाला त्यांना नेहमी चिडवायचा.

"जुलैत बोलले तर ऐकायला तू माळ्यावर असशील," काकू म्हणायच्या.

एका जुलैत खरंच पाणी त्याच्या दुकानाच्या पायरीला लागलं. तो घाईघाईनं कापडाचे तागे माळ्यावर चढवत होता. काकूंना पाहून ओरडला, "आणा तुमचा कागद, आत्ता सही करतो!"

"पाणी पायरीला लागल्यावर विमा मिळत नाही रे बाबा." काकूंनी छत्री मिटली, पदर खोचला. "आता ताग्यांकडे बघ. मी खालून देते, तू वर घे." आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्या एकेक तागा वर देत राहिल्या. पुढच्या मे महिन्यात त्यानं स्वतःहून त्यांना हाक मारली.

माझी त्यांची ओळख झाली ती मी घर घेतलं तेव्हा. आम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, डोंगरातले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. काही वर्षं बिरवाडीत भाड्याच्या खोलीत काढली आणि मग बँकेचं कर्ज काढून महाडात चार खोल्यांचं जुनं बैठं घर घेतलं. आई-आबांना डोंगरावरून खाली आणलं. आबांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाकडे बसणारा आमचा गणपतीसुद्धा त्या घरात आणला. घर घेणं म्हणजे आमच्यासाठी काय होतं, ते यावरून समजून घ्या.

काकू आल्या, भिंतीला हात लावला. "इथवर?" मला काय ठाऊक! शेजाऱ्यानं खिडकीतून सांगितलं, "छातीएवढं होतं तिथे."

मी जरा ऐटीतच म्हणालो, "बँकेनं विमा काढून घेतलाय, काकू."

"तो भिंतींचा आणि छपराचा. आत काय काय आहे?"

"आत... आम्हीच आहोत."

काकू हसल्या. "तुम्ही वर चढाल हो. कपाट चढणार नाही."

आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या डोंगरात पानी थांबत नाय, बाय. ह्ये असलं कागद करावं लागत नाय."

"तेच तर खाली येतं ना, आबा. तुम्ही सोडता, आम्ही झेलतो."

आबांना हसू आवरलं नाही. त्या दिवशी घरातल्या सामानाचाही विमा निघाला.

नंतर काही वर्षांनी ते पाणी आलं. ज्यांनी तो पाऊस पाहिला त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. वरच्या गावांत दरडी आल्या, माणसं गेली. आम्ही समोरच्या इमारतीच्या गच्चीत उभं राहून आपलं घर अर्ध्या खिडकीपर्यंत बुडताना पाहिलं. आबा फक्त म्हणाले, "आपलंच पानी."

पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबरच घरातला चिखल खराट्यानं बाहेर ढकलायचा, नाहीतर तो दगडासारखा बसतो, हे महाडात सगळ्यांना माहीत असतं. आम्ही तेच केलं. चिखल गेल्यावर स्वयंपाकघराची मागची भिंत दिसली. ती आडवी फाटली होती. गवंड्यानं ठोकून पाहिलं आणि मान हलवली. ही उतरवून नवी बांधावी लागेल. कर्ज फिटायचं होतं. विम्याचे पैसे आले नाहीत तर घर विकून परत वर जायचं, एवढाच मार्ग उरला होता.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी भिंतींच्या आणि सामानाच्या, दोन्ही विम्यांचं कंपनीला कळवलं होतं. पण गावच्या गाव पाण्यात गेलेलं, पाहणीला येणारी माणसं मोजकी, रस्ते बंद. फोटो काढून ठेवावेत, तर फोटो स्टुडिओच बुडालेला. दिवस जात राहिले आणि गणपती तोंडावर आले.

एका सकाळी काकू आल्या तेव्हा आबांनी घमेल्यात चुना कालवला होता. पुढच्या खोलीच्या तीन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. चौथीवर, छातीच्या वर, वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ तेवढी उरली होती. आबा कुंचला घेऊन तिच्याकडेच निघाले होते.

"आबा, एक भिंत राहू दे."

"द्येव काय चिखलापुढं बसवायचा? गरीब व्हतो तवा बी भित सारवल्याबिगर गनपती आनला नाय आमी."

"पाणी किती चढलं ते दिसलं नाही, तर भेग जुनीच होती म्हणतील."

"म्हनू द्येत. देवापेक्षा विमा मोठा नाय."

काकूंनी वाद घातला नाही. त्या भिंतीजवळ गेल्या, रेघेवर तळवा टेकवला आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलल्या. "आमचं किराणा दुकान होतं. विमाही होता. असाच पूर आला, असेच गणपती आले. ह्यांनी आणि मी दुकान धुऊन काढलं, भिजलेली पोती टाकली, चारी भिंती रंगवल्या. पाहणीचा माणूस आला, तेव्हा दुकान कसं लख्ख! त्यानं विचारलं, पाणी कुठवर होतं? मी असा हात ठेवला. म्हटलं, इथवर. तो बिचारा माझ्या हाताखालच्या नव्या रंगाकडे बघत राहिला." काकूंनी हात भिंतीवरून काढला. "ह्यांनी ते शटर पुन्हा उघडलं नाही, आबा. जाईपर्यंत नाही."

कुंचल्यातून चुना फरशीवर ठिबकत होता. शेवटी आई आतून म्हणाली, "माझं हिरवं लुगडं लावू या की मागं. द्येवाला बी बरं दिसंल."

त्या वर्षी आमचा गणपती आईच्या हिरव्या लुगड्यापुढे बसला. आरतीला आलेल्या बायकांनी आरास छान झाली म्हणून कौतुक केलं. आबा मान खाली घालून टाळ वाजवत होते.

पाहणीचे साहेब आले ते नेमके त्याच दिवसांत. दारात बूट काढले, हात जोडले, प्रसाद घेतला आणि संकोचून खोलीभर पाहिलं. सगळं पांढरं. मी काही सांगणार, तेवढ्यात आबा उठले. त्यांनी एका हातानं लुगड्याचा काठ बाजूला केला, दुसऱ्या हाताचा तळवा रेघेवर ठेवला.

"इथवर, सायेब."

साहेबांनी टेप काढली. गणपतीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून माप घेतलं, मग आत स्वयंपाकघरात जाऊन मागच्या भिंतीची भेग पाहिली. नुकसान सगळं भरून निघालं नाही, पण स्वयंपाकघराची भिंत पुन्हा उभी राहिली. घर राहिलं.

पुढे काकू थकल्या आणि मुलीकडे गेल्या. त्या वारल्याची बातमी आमच्यापर्यंत आली तेव्हा दिवसकार्यही होऊन गेलं होतं.

दरवर्षी गणपतीआधी रंगारी येतो. दरवर्षी त्याला वाटतं, म्हातारा विसरला असेल. आबा काठी टेकत त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात.

"येवढी भित राहू दे रं."

गल्लीत कुणी नवं घर घेतलं की आबा त्यांना चहाला बोलावतात आणि लुगडं नसलेल्या दिवसांत ती भिंत दाखवतात. चिखलाची रेघ आता पुसट झाली आहे, बोट फिरवलं तरच कळते. पण तिच्यावर एका जागी, हात टेकून टेकून, तळव्याएवढी भिंत गुळगुळीत झाली आहे.