मी बघतो

मिशिगनच्या विधानसभेतला आमचा आमदार इथेच जन्मलेला मराठी मुलगा. मंडळाच्या गणपतीत कोणी गाऱ्हाणं सांगितलं, की खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “काका, डोन्ट वरी, मी बघतो.” आणि बघतोही. माझं अडकलेलं लायसन्स त्याच्याच फोनने सुटलं.

इथे न्यायाधीशही लोकांच्या मतांनी निवडतात. आता तो काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टाचा न्यायाधीश व्हायला निवडणुकीला उभा आहे. परवा मत मागायला दारात आला. कुंपणावरून शेजाऱ्याने आमच्यावर केलेली केस त्याच कोर्टात आहे, हे बायकोच्या तोंडून निघून गेलं. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. “काका, मी बघतो.”

मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर तो शेजाऱ्याच्या दारात उभा होता. हात शेजाऱ्याच्या खांद्यावर होता.