अस्माची फॉस्फेटवाली व्हॅन

नेकनूरच्या अस्माला कुणी ‘हे बाईमाणसाचं काम न्हाई’ म्हणालं, की ते काम झालंच म्हणून समजा. गावातल्या सात पोरी रोज सकाळी व्हॅनमध्ये भरायच्या, बीडला क्लासवर सोडायच्या, तिथंच थांबायचं आणि ऊन कललं की परत आणायच्या, हा तिचा धंदा. एसटीच्या दारात लोंबकळत पोरगी शिकायला पाठवायची म्हटलं की आपल्याकडच्या बापांना लगेच तिच्या लग्नाची आठवण होते. तेव्हा ही व्हॅन म्हणजे नुसती व्हॅन नव्हती. पेट्रोलनं कंबर मोडली तशी अस्मानं ठरवलं, हीच गाडी बॅटरीवर करायची.

बीडला तिचा मामा पाशा याचं गॅरेज. हात सोन्याचा, तोंड तोफेचं. बॅटरीच्या गाड्यांचं काम तो नुकतंच शिकून आलेला. भाचीला न विचारताच त्यानं चहाच्या टपरीवर डंका पिटला, “निकेलचे सेल टाकतो तिच्या गाडीत! हलके अन् लई दमदार. एका चार्जिंगमधी सोलापूर गाठंल, बघा तुमी!”

हे अस्माच्या कानावर गेलं. ती तडक गॅरेजात.

“मामू, मला फॉस्फेटचे सेल पाहिजेत.”

“ते जडशीळ? कावून? विटा वाहायच्यात का तुला?”

“सोलापूरला काय माझं सासर हाय का? नेकनूर ते बीड, बीड ते नेकनूर. दिवसभर गाडी क्लासच्या दारात उन्हात उभी. मे महिन्यात तिच्या टपावर पापड भाजून निघतो. निकेलचा सेल बिघडला अन् तापला तर लवकर पेटतो. फॉस्फेटचा ऊन सोसतो, वर्षं बी जास्त काढतो.”

“कुणी शिकवलं गं हे तुला?”

“तूच. ईदला, शिरखुर्म्याची वाटी हातात धरून तासभर सांगत व्हतास.”

पाशानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “पण मी टपरीवर बोलून बसलोय बेटा. इज्जतीचा सवाल हाय.”

“तुझी इज्जत टपरीवर बसते मामू. माझी गाडीत बसते. सात हायेत.”

पाशानं पाना आपटला, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी फॉस्फेटचे सेल मागवले. गाडी थोडी जड झाली. आरटीओचे शिक्केही झाले.

पण गावाला कोण समजावणार? जळक्या स्कूटरचे व्हिडिओ मोबाइलवर बघून प्रत्येक जण इंजिनिअर झालेला. “बॉम्बवर पोरी बसवायच्या व्हय?” पारावर हीच चर्चा. सगळ्यांचे डोळे सुंदरबाईंकडे. त्यांची नात बसली तर बाकीच्या बसणार, ती उतरली तर अस्माचा धंदा बसणार. नात सात पोरींतली सगळ्यात हुशार, आणि सुंदरबाई सगळ्या गावात कडक.

रविवारी पाशा आणि अस्मा गाडी घेऊन आले. गाडी नेहमीसारखी सुंदरबाईंच्या अंगणात लागली, आणि पाशानं सीट उचलून बॅटरीची पेटी सगळ्यांना दाखवली. पाशा मुक्कामाला थांबला. पहिली फेरी त्याला डोळ्यांनी बघायची होती.

सोमवारी सकाळी पोरी दप्तरं घेऊन हजर. मागं आया, बाप, आणि ज्यांचा काही संबंध नाही असे पाच-पंचवीस. अस्मानं चावी फिरवली. गाडी ढिम्म.

“गेली! जळली आतल्या आत!” गर्दीतून लगेच निकाल. एका बापानं पोरीचा हात धरून घराची वाट धरली. अस्माचा चेहरा पडला.

पाशानं सीट उचलली. बॅटरीच्या पेटीवर ओलंचिंब बारदान.

“या अल्ला! हे कुणी टाकलं बे?”

मग सुंदरबाई पदर सावरत पुढं आल्या. “मी टाकलं. ‘बे’ कुणाला म्हनतूस?”

पाशाची तोफ थंड. “तुमाला न्हाई हो बाई... पन कावून टाकलं?”

“काल लई ऊन व्हतं. माठावर टाकतो तसं टाकलं. माझी नात बसनार हाय वर. थंड नको का ऱ्हायाला?”

अस्माला आधी राग आला, मग हसू फुटलं. “मावशी, माठाला पाणी चालतं, हिला न्हाई. ओल लागली की आतली यंत्रणा लाइन तोडते. जळाली न्हाई, तिनं सोताला वाचवलं.”

“मंजी शानी हाय म्हना की गाडी.”

नातीचा केस वाळवायचा ड्रायर आला. पाशानं तारा सोडवून, पुसून, वाळवून पुन्हा जोडल्या. अस्मानं चावी फिरवली. दिवे लागले, आवाज मात्र काही नाही.

“चालू हाय का बंद?” सुंदरबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून गाडी हातभर पुढं सरकली. सुंदरबाई दचकल्या, गर्दी हसली.

मग त्यांनी नातीला मागच्या सीटवर ढकललं, लुगडं खोचलं आणि स्वतः पुढच्या सीटवर चढून बसल्या. “बघते मी बी, कशी पेटती ते.”

म्हातारी बसली म्हटल्यावर पोरी धडाधड चढल्या. घराकडं निघालेला बापही परतला, पोरीला चढवून तिचं दप्तर आत ठेवून गेला. दार कसंबसं लागलं.

पाशा बाहेरच. “अन् मी? मला बीडला जायाचं न्हाई का?”

“मामू, एसटी येईलच की,” अस्मा म्हणाली, आणि गाडी आवाज न करता फाट्याकडं निघाली.