दुमडलेला कोपरा

बायको गेल्यावर तिचं कपाट आवरायला मला चार महिने लागले. साड्या तिच्या बहिणीनं नेल्या, चष्मा मी ठेवून घेतला, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, टॉवेलच्या घडीत, वचनपेटी सापडली. आमच्या ख्रिस्ती घरांत ती बहुधा असतेच. तळहातावर मावेल अशी पुठ्ठ्याची पेटी, आत उभ्या लावलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन आणि खाली ते कुठल्या अध्यायातलं ते छापलेलं. नव्या वर्षाच्या सकाळी घरातला प्रत्येक जण डोळे मिटून एक चिठ्ठी काढतो. ते त्याचं वर्षाचं वचन.

झाकण उघडून मी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. एकीचा कोपरा दुमडलेला लागला. तो मीच दुमडला होता, आणि त्यापायी माझ्या बायकोच्या जिवाशी खेळलो होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नवीन पनवेलला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत नुकतेच राहायला आलो होतो. जुन्या पनवेलच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ग्रंथालय सांभाळायचो. तिला लहानपणापासून फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालू झाल्यापासून तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. गोळी घेताना ती पाणीसुद्धा उभ्यानं प्यायची, इतकं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण मला ती गोळी डाचायची. आपण रोज प्रार्थना करतो, मग हे कशाला, असं मनात यायचं. बोललो मात्र कधी नव्हतो.

मग बंधू आले. सगळे त्यांना बंधूच म्हणत. ते कुठल्या मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्हते. आमच्या सेक्टरमधल्या एका घरी त्यांनी शुक्रवारच्या सभा सुरू केल्या आणि महिन्याभरात जिन्यापर्यंत चपलांचा ढीग लागायला लागला. काय सभा होत्या त्या! जुन्या पनवेलच्या आमच्या उपासनेत बाजाची पेटी संथ वाजायची आणि म्हाताऱ्या बायका गाणं पेटीच्याही मागे ठेवायच्या. इथे ढोलकी, खंजिरी, टाळ्या! बंधू डोळे मिटून शास्त्रातलं वाक्य असं उच्चारायचे की ते आत्ताच, आपल्यासाठी बोललं गेलंय असं वाटावं. मी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण तिथे हात वर करून गायचो. आजही ती ढोलकी आठवली की पाय ठेका धरतात. ते सगळंच खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण बंधू म्हणायचे, औषध म्हणजे देवावरचा अविश्वास. आणि मला तेच ऐकायचं होतं. बायकोच्या फिटचं मी त्यांना सांगून टाकलं.

एका शुक्रवारी सकाळी बंधूंचा निरोप आला, "मास्तर, आज वचनपेटी घेऊन या. वहिनींसाठी वचन काढू." शाळेला निघण्याआधी मी पेटी उघडली. नुसतं बघावं म्हणून चिठ्ठ्या चाळल्या. एकीवर होतं की देवानं प्रार्थना ऐकली आहे, आसवं पाहिली आहेत, तो बरं करील, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या मंदिरात जाता येईल. मी त्या चिठ्ठीचा कोपरा नखानं किंचित दुमडला आणि ती परत मधोमध खोचली.

संध्याकाळी भरल्या खोलीत मी डोळे मिटले आणि चिठ्ठी काढली. बंधूंनी ती मोठ्यानं वाचली. "हालेलूया!" सगळी खोली उठली. आणि मी रडलो. नाटक नव्हतं ते. स्वतःच्या नखानं दुमडलेला कोपरा बोटाला लागलेला असताना मला अगदी मनापासून वाटलं की देव बोलला.

"आज पहिला दिवस," बंधू म्हणाले. "आजपासून गोळी बंद. रविवारी तिसरा दिवस, खास सभा ठेवू. वहिनी इथे उभं राहून बरं झाल्याची साक्ष देतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मीच गोळ्यांची पाकिटं उचलली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

शनिवारचा दिवस मी हवेत होतो. शाळेत दोन तास काय शिकवलं ते आठवत नाही. मनात तिची साक्ष रचत होतो, तिची वाक्यंसुद्धा. संध्याकाळी घरी आलो तर ती भाकरी थापत होती. मी ओट्याशी उभा राहून रविवारचं बोलत होतो, आणि अचानक तिचा उजवा हात उडाला. पीठ भिंतीवर आपटलं. क्षणभरानं पुन्हा उडाला.

तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली. "फिट यायच्या आधी असं होतं," ती म्हणाली. "लहानपणी व्हायचं."

"परीक्षा आहे ही," मी म्हणालो. "एकच दिवस राहिलाय. धीर धर."

"धीर मी धरते. तुम्ही शास्त्र घ्या आणि ती चिठ्ठी आणा."

"कशाला?"

"चिठ्ठीवर अध्याय लिहिलाय ना? तो वाचा. पहिल्या ओळीपासून."

तिचे वडील नगरकडच्या खेड्यांतून पायी फिरून शास्त्र शिकवायचे. त्यांच्या घरी एक शिस्त होती: चिठ्ठी काढली की जेवणाआधी तो अख्खा अध्याय मोठ्यानं वाचायचा, मग कितीही लांब असो. लग्नानंतर ती हे सांगायची आणि मी हसायचो, की नव्या वर्षाच्या दिवशी भात गार कोण करणार.

"आत्ता?" मी म्हणालो.

"हो, आत्ता. पोरांना ओरडता, धडा वाचा, गाईड वाचून पास होऊ नका. आणि स्वतः चिठ्ठीवर संसार चालवता!"

मी शास्त्र काढलं. अध्याय एका आजारी राजाचा होता. तो मरणार असं देवाचा निरोप आणणाऱ्या संदेष्ट्यानं सांगितलेलं, राजा भिंतीकडे तोंड करून रडलेला, मग देवानं संदेष्ट्याला अर्ध्या वाटेवरून माघारी पाठवलेलं. चिठ्ठीवरचं वचन आलं तेव्हा माझा आवाज चढला. ती म्हणाली, "थांबू नका. पुढे."

पुढे, दुसऱ्याच ओळीत, संदेष्टा अंजिरं आणायला सांगतो. त्यांचा लेप राजाच्या गळवावर बांधतात, आणि राजा बरा होतो.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

"अंजिराचा लेप!" ती जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागली. तिचा हात अजून थरथरत होता. "अहो, देवानं बरं करतो म्हणून सांगितलं आणि संदेष्ट्यानं औषध आणायला लावलं! औषध एका वचनाच्या अंतरावर आहे आणि आपण आधीचं तेवढंच तोडून घरी आणलंय. माझं अंजीर कुठल्या फळीवर ठेवलंय ते काढा आता."

स्टुलावर चढून मी पाकिटं काढली. इतका आनंद मला त्या ढोलकीतही झाला नव्हता. मी तो अध्याय कितीदा ऐकला होता! अंजिरं तिथेच होती, आणि मला ती कधी दिसली नव्हती. गोळी दिली, पाणी दिलं, तिच्या शेजारी बसलो आणि कोपऱ्याचं सांगून टाकलं.

"मला कालच दिसलं होतं," ती म्हणाली. "बंधूंनी चिठ्ठी वर धरली तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड बघितलं. लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हतात." मग म्हणाली, "आणि मलाही वाटलं, खरंच असलं तर?"

त्या रात्री आणि पुढेही फिट आली नाही.

रविवारी बंधूंनी तिला साक्षीसाठी बोलावलं. ती उठायच्या आत मी उठलो. चिठ्ठीचा कोपरा मी दुमडला होता, ते मी सांगितलं. मग अध्याय वाचला, अंजिरांपर्यंत.

"मास्तर," बंधू हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या पापाचा दोष वचनावर ढकलू नका."

"वचनावर नाही ढकलत," मी म्हणालो. "वचन आपण दोघांनी अर्धं वाचलं. मला हवं तेवढंच मी घेतलं, आणि तुम्ही मला हवं तेच सांगितलंत."

त्यांनी गाणं सुरू केलं. आम्ही चपला शोधत जिन्यात आलो, तेव्हा गव्हाणहून सभेला येणारी एक बाई मागोमाग आली. तिनं माझ्या हातातलं शास्त्र धरलं. "मास्तर, ते अंजिराचं कुठं लिवलंय, मला दाखवा. सासूची साखरेची गोली मी बंद केली हाय." जिन्यातच बसून बायकोनं तिला ती ओळ बोटानं दाखवली, आणि त्याच दुपारी सासूला दवाखान्यात न्यायला तिच्यासोबत गेली. बंधूंच्या सभा पुढे दुसऱ्या सेक्टरला गेल्या. आम्ही जुन्या पनवेलच्या संथ पेटीकडे परत आलो आणि दर नव्या वर्षी भात गार करत राहिलो. तीस वर्षं.

यंदा ती नव्हती. नव्या वर्षाच्या सकाळी मी वचनपेटी समोर घेऊन डोळे मिटले. कोपऱ्याची चिठ्ठी लगेच बोटाला लागली. तिच्यावरचं मला पाठ आहे, आणि आता ते जिच्यासाठी मागायचं तीही उरलेली नाही. तरी बोट तिथे थांबलं. मग मी पुढे सरकलो आणि हाताला आली ती काढली.

अध्याय निघाला नुसता वंशावळीचा, नावांमागून नावं, दोन पानं. भात मांडून ठेवला होता. मी पहिल्या नावापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.