कुडीवाले

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा घ्या, पण मधेच उठायचं नाही. आमच्या दुकानावर 'कुडीवाले' ही पाटी कशी लागली, याबद्दल लोक काहीही सांगत सुटलेत हो!

मी मूळचा साताऱ्याकडचा. दागिन्यांची नक्षी काढायचं वेड घेऊन सोलापुरात मामांच्या पेढीवर आलो. कागदावर मोर काढले, द्राक्षांचे घोस काढले. मामांनी ते पाहिले आणि माझ्या हातात फुंकणी दिली. "आधी डाख द्यायला शीक!" झालं. दिवसभर सांधे जोडत फूऽ फूऽ! गाल फुगले, नाव काही होईना.

अशात अक्कलकोटपलीकडच्या एका गौडांचा, म्हणजे तिकडच्या कानडी पाटलांचा, निरोप आला. मुलीचं लग्न होतं, दागिने घरी येऊन ठरवायचे होते. मामांची नेमकी कंबर धरलेली.

"काय रं, कानडी येतं का तुला?"

"येतं की!" मी ठोकून दिलं. एक अक्षर येत असेल तर शपथ!

"मग जा. काम नीट केलंस तर दुकानाच्या पाटीवर तुझं नाव. न्हाय तर फुंकणी हायच."

गेलो. गौडा परगावी गेले होते. ओसरीवर त्यांच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणत. त्यांनी माझ्यापुढं पितळेचा भला थोरला पेला ठेवला. दूध! वर बोटभर साय! साय पाहिली की मी चार हात लांब पळतो.

"कुडी!" अव्वा म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, सोनाराच्या डोक्यात काय येणार? कानातली मोत्यांची कुडी! मी पेला बाजूला सारला, कागद काढला.

"मोदल कुडी!" अव्वा जोरात म्हणाल्या.

अरेरे, मोडली वाटतं बिचारीची!

एवढ्यात थोरली सून आली. "हाल कुडी!"

बघा, कुडीवाचून हाल चाललेत घरात! नवरी मुलगी हळूच म्हणाली, "स्वल्प कुडी." तिला नाजूक हवी, हे कुणालाही कळेल. धाकट्या सुना लाजत "कुडीरी, कुडीरी" म्हणाल्या. म्हटलं, हे अनेकवचन असणार!

सगळ्याजणी पेल्याकडे बोट का दाखवतात, ते मात्र कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. अव्वांना एवढी मोठी हवी!

मामांना येऊन सांगितलं, "सगळ्या कुड्याच हव्यात."

"लगीनघर हाय का चेष्टा? पाटल्या न्हाईत, तोडे न्हाईत?"

"नवी टूम आहे, मामा."

मग काय, माझी सगळी कला बाहेर पडली! मोराची कुडी, द्राक्षाची कुडी. अव्वांची तर एवढी, की कान तुटून हातात आला असता.

डबा घेऊन मामांबरोबर पुन्हा गेलो. या खेपेला गौडा घरी होते. त्यांनी डबा उघडला, खालपर्यंत चाचपला.

"पाटल्या कुटं हायत? तोडे?"

"मातोश्रींनीच कुड्या सांगितल्या," मी छाती काढून म्हणालो.

तेवढ्यात अव्वा दुधाचे पेले घेऊन आल्या. एक मामांच्या हातात, एक माझ्यापुढं. "कुडी!"

"बघा! अजून मागतायत!"

मामांना असा ठसका लागला की दूध थेट गौडांच्या धोतरावर.

"अरं गाढवा, कानडीत कुडी म्हंजे पी! दूध पी म्हनत हुत्या तुला!"

"मग मोडली कुणाची?"

"मोदल! म्हंजे आधी!"

"आणि हाल?"

"हाल म्हंजे दूध, आणि आता तुझेबी व्हनार हायत!"

डोळ्यांपुढं फुंकणी नाचू लागली. रडूच यायचं बाकी होतं. गौडांनी सगळा प्रकार अव्वांना कानडीत सांगितला. त्यांनी पदर तोंडात कोंबला, खांबाला धरून हसल्या, मग काहीतरी बोलल्या. गौडांनी मराठीत सांगितलं, "नक्षी लई झ्याक हाय म्हनती. समद्या कुड्या ठेवून घेतो. पाटल्या-तोडेबी तुमीच करा. पन एका कुडीमागं ह्यानं एक पेला प्यायचा."

झाली रांग सुरू! कानात कुडी घालून एकेक बाई यायची, पेला पुढं करायची. "कुडी!" मोरासाठी प्यालो, द्राक्षासाठी प्यालो, डोळे मिटून साय गिळली. अव्वांची कुडी कानात मावेना, तेव्हा त्यांनी ती गाईच्या शिंगाला बांधली. दूध हिचं, तर खरा मान हिचाच, असं म्हणाल्याचं गौडांनी सांगितलं. आणि तिच्या नावानंही एक पेला पाजलाच!

मामांनी शब्द पाळला. पाटी लागली: 'कुडीवाले'. माझं नाव झालं म्हणायचं!

पण तिकडून येणारे कानडी पाहुणे ती पाटी वाचतात, आत येऊन ऐसपैस बसतात, आणि मिशीवर हात फिरवत हळूच विचारतात, "काय मिळतंय हितं प्यायला?"

समजावून थकलो हो. परवा एकाला घरातलं दूध आणून दिलं, साईसकट. म्हटलं, "कुडी!" त्यानं ते संपवलं, मिशी पुसली आणि मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सराफांच्या गल्लीत दूध कोन पितंय बाबा? त्यापरीस दागिनं का करत न्हाईस?"