सहा प्लास्टिकं आणि एक टिकली

१० जानेवारी, शुक्रवार. टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लास्टिक कापत बसले होते. सारख्या मापाचे सहा तुकडे हवे होते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो आणि त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, तुमच्या भाषणाला वीस माणसं शेवटपर्यंत बसली नाहीत, तर शुक्रवार झुंबाच्या क्लासला." बारा वर्षांचा कट्टा माझ्या भाषणावर बंद पडणार, या धास्तीने दोन दिवस जेवण जात नव्हतं.

विषय कट्ट्यानेच दिला होता. युद्ध चाललंय त्या युक्रेनमध्ये पूर्वी राज्य कोणाचं होतं? मी त्यातला पश्चिमेकडचा गॅलिसिया निवडला, कारण तिथली सीमा सारखी हलत राहिली. ड्रॉइंग पेपरवर नद्या, डोंगर काढले, ल्विव शहराच्या जागी लाल टिकली चिकटवली. त्यावर एकेक प्लास्टिक टाकायचं. पहिल्यावर तिथल्या स्लाव राजांचं मध्ययुगीन राज्य, मग चौदाव्या शतकातला पोलंड, मग ऑस्ट्रिया, पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा पोलंड, मग सोव्हिएत, शेवटी आजचा युक्रेन.

हॉलमध्ये बावीस जण होते. मी पहिलं प्लास्टिक टाकलं आणि कोणीतरी पंखा वाढवला. सहाही तुकडे उडाले. घाईत उचलून लावले ते उलटसुलट.

"अहो, ऑस्ट्रिया राजांच्याही आधी?" पुढच्या खुर्चीवरून आवाज आला. हशा पिकला. मागचे तिघे उठले. उरले एकोणीस. मी प्लास्टिकं पुन्हा क्रमाने लावायला लागले.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ बोलले. घोडबंदर रोडकडच्या गावातले ख्रिस्ती शेतकरी, आमच्या इमारतीतल्या लेकीकडे आले होते. "बाय, तू काय पन वर टाक, ती टिकली हालत नाय. राज बदलला तं तिथला शेत कोनाचा? आमच्याकडं फिरंगी आला, पेशवा आला, इंग्रज आला. बांध तिथंच व्हता."

"आजोबा, तुम्ही फिरंगी बघितलेत वाटतं?" कट्ट्यातल्या एक बाई म्हणाल्या.

"नाय गो. पन टावरवाला बिल्डर बघितलाय."

दारापाशी पोचलेले तिघे तिथेच थांबले.

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. जुन्या काळी बरीच जमीन सरदारांची, राबणारे वेगळे. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकली, तेव्हा टिकली तिथेच राहिली, पण माणसं हलवली. पोलिश पश्चिमेला पाठवले, पोलंडमधले युक्रेनी पूर्वेला. शेतं सोव्हिएत सरकारने सामुदायिक केली. "पण त्याआधी दर वेळी राज्य बदललं, तेव्हा जमिनीचे कागद कोणाच्या नावावर राहिले, ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

मग काय, प्रत्येकाला आपापल्या गावचा सातबारा आठवला. ते तिघेही खुर्च्या ओढून बसले. वेळ संपली तरी कोणी हलेना. सर्वांत मोठा आवाज सेक्रेटरींचाच होता, साताऱ्याकडच्या चुलत्यांबद्दल.

जाताना म्हणाले, "कागदांचं उत्तर पुढच्या शुक्रवारी. झुंबाला बुधवार देतो."

घरी येऊन दोनदा खिचडी वाढून घेतली.

सकाळी कुकर उतरवला, नकाशा गुंडाळून पिशवीत घातला आणि वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभी राहिले.